जुनी मोटार, नवे स्टिअरिंग

मोटारीच्या कोणत्या भागाला चालकाचा हात सर्वांत अधिक वेळ लागलेला असतो? अर्थात स्टिअरिंगच्या चाकाला. वीस-पंचवीस वर्षे घाम, धूळ आणि ऊन सोसून त्याचे कडे चिकट होते, त्याला भेगा पडतात, कधी कधी आतली लोखंडी सळई दिसू लागते. नगरच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत दुपारी त्याला हात लावून पाहा, म्हणजे त्याची ही दशा का होते ते निराळे सांगावे लागणार नाही. (नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण बोलताना पुष्कळांच्या तोंडी अजून ‘नगर’च येते.)

असे स्टिअरिंग बदलायची वेळ आली, की मालकाची नजर त्याच कंपनीच्या नव्या मोटारीकडे जाते. तिचे स्टिअरिंग कसे आटोपशीर, जाड, हाताला मऊ! जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ते मिळतेही. मिस्त्री म्हणतो, “एक नट काढायचा आणि एक नट लावायचा, अर्ध्या तासाचे काम.” आणि खरोखरच अर्ध्या तासात स्टिअरिंग बसते, मोटार वळते, हॉर्न वाजतो. मग यात भौतिकशास्त्राने नाक खुपसण्याचे कारण काय?

कारण असे, की मोटार वळविणे हे स्टिअरिंगच्या अनेक कामांपैकी केवळ एक काम आहे. आणि तेसुद्धा ते एकटे करीत नाही. त्याची त्रिज्या, त्याच्या मध्यभागाचे दाते, त्याच्या खालचा शाफ्ट आणि अपघाताच्या वेळी त्याने कसे वाकावे, हे सारे एकमेकांचा विचार करून ठरविलेले असते. एका मोटारीतले स्टिअरिंग उचलून दुसरीत बसविले, की हा हिशेब मोडतो. तो कोठे मोडतो आणि कोठे मोडला तरी चालतो, ते आपण पाहू. घोटाळा नको म्हणून हातातल्या चाकाला आपण ‘स्टिअरिंग’ म्हणू आणि रस्त्यावरच्या चाकांना ‘पुढची चाके’.

जात्याचा खुंटा काठाशी का?

जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या काठाशी ठोकलेला असतो. तो मधल्या खिळीजवळ ठोकला असता तर दळणाऱ्या बाईचा हात थोडासाच फिरला असता, पण दोन मूठ धान्य दळताना तिला घाम फुटला असता. जुन्या गुऱ्हाळात बैलांनी फिरवायच्या चरकाला लांबच लांब आडवे लाकूड असे, तेही याच कारणासाठी. फिरविणारे बल अक्षापासून जितके दूर लावावे तितका त्याचा परिणाम मोठा. बल आणि अक्षापासूनचे लंबांतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. काही पाठ्यपुस्तकांत ‘आघूर्ण’ हा शब्द आढळेल. गॅरेजमधले कारागीर यालाच ‘टॉर्क’ म्हणतात.

आता स्टिअरिंगकडे वळू. समजा, पॉवर स्टिअरिंग नसलेली एक लहान मोटार जागेवर उभी आहे आणि तिची पुढची चाके वळविण्यासाठी स्टिअरिंगच्या शाफ्टला २० न्यूटन-मीटर परिबल द्यावे लागते. (आकडा हिशेबाच्या सोयीचा घेतला आहे, पण अवाजवी नाही. मोटार थोडी जरी चालू लागली तरी तो पुष्कळ कमी होतो, कारण मग टायर एका जागी घासत नाही. मोटार शिकविणारे ‘उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळू नका’ म्हणतात ते यासाठीच.) जुन्या स्टिअरिंगचा व्यास ४२ सें.मी. असेल, तर त्रिज्या ०.२१ मीटर. कड्यावर लावायचे एकूण बल २० ÷ ०.२१ म्हणजे सुमारे ९५ न्यूटन. पावणेदहा किलोचे ओझे उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढा. नव्या स्टिअरिंगचा व्यास ३६ सें.मी. असेल, तर त्रिज्या ०.१८ मीटर आणि बल सुमारे १११ न्यूटन. म्हणजे सव्वाअकरा किलोचे ओझे. जोर एक-षष्ठांशाने वाढला.

याच्या मोबदल्यात काही मिळाले का? मिळाले. पुढची चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायला स्टिअरिंगचे साडेतीन फेरे लागत असतील, तर मोठ्या कड्यावर हाताला ४.६२ मीटर प्रवास करावा लागतो आणि लहान कड्यावर ३.९६ मीटर. बलाला अंतराने गुणून पाहा. दोन्ही वेळा कार्य सुमारे ४४० ज्यूल येते. अंतरात वाचविले ते जोरात भरावे लागले.

हे घरी तपासता येते. दोन सें.मी. व्यासाची गुळगुळीत गोल काठी दोन खिळ्यांच्या खोबणीत सहज फिरेल अशी आडवी ठेवा. तिच्या एका टोकाला १२ सें.मी. व्यासाचे डब्याचे झाकण मध्यभागी भोक पाडून पक्के बसवा आणि दुसऱ्या टोकाला ८ सें.मी. व्यासाचे. काठीला दोरा गुंडाळून ६०० ग्रॅमचे वजन टांगा. मोठ्या झाकणाच्या कडेवरून उलट बाजूने दोरा सोडून त्याला वजने बांधली, तर १०० ग्रॅमला तोल साधेल. लहान झाकणावरून १५० ग्रॅम लागतील. तुमचे आकडे याच्या थोडे मागेपुढे येतील. खिळ्यांशी होणारे घर्षण त्याला जबाबदार आहे. काठीला तेलाचा थेंब लावून प्रयोग पुन्हा करा.

मग नव्या मोटारींची स्टिअरिंगे लहान का? त्यांचे चालक काही पूर्वीच्या चालकांपेक्षा बलवान नाहीत. उत्तर असे, की त्यांच्या मदतीला दुसरे कोणी तरी आहे. क्रायस्लर कंपनीने १९५१ साली तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग बाजारात आणले आणि १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या लहान मोटारीत विजेच्या मोटरवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले. या दुसऱ्या प्रकारात शाफ्टच्या मध्ये एक बारीक दांडी असते. चालकाने स्टिअरिंगला पीळ दिला, की ती किंचित पिळली जाते. हा पीळ मोजून विजेची मोटर उरलेला जोर लावते. चालकाच्या वाट्याला थोडाच जोर येत असल्यामुळे त्रिज्या कमी केली तरी त्याला जाणवत नाही. लहान स्टिअरिंग हे या मोटरच्या भरवशावर लहान झालेले आहे. ते काढून जुन्या मोटारीत बसविताना आपण कडे तेवढे आणतो, मोटर तिकडेच राहते.

याचे दुसरे टोक पाहायचे असेल, तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे. आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र नगरला असल्यामुळे हे संग्रहालय १९९४ साली येथे उभे राहिले. तेथे सिल्व्हर घोस्ट जातीची एक जुनी रोल्स-रॉइस चिलखती मोटार आहे. पोलादी पत्र्यांचे ते कित्येक टनांचे धूड कोणत्याही यंत्राच्या मदतीशिवाय केवळ चालकाच्या दंडांच्या जोरावर वळवायचे होते. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या रणगाड्यांची तऱ्हाच निराळी. त्यांपैकी बहुतेकांत गोल स्टिअरिंग नसतेच. चालकासमोर दोन उभे दांडे असतात; डावा ओढला की डावीकडचा पट्टा थोपतो आणि रणगाडा डावीकडे वळतो. म्हणजे वाहन वळविण्यासाठी गोल कडेच हवे असा काही निसर्गनियम नाही. अगदी पहिल्या मोटारींनाही होडीच्या सुकाणूसारखा दांडाच असे. १८९४ साली पॅरिस ते रूआँ या शर्यतीत आल्फ्रेड व्हाशेराँ यांनी आपल्या पानार मोटारीला गोल चाक लावले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. गोल कड्याची सोय अशी, की ते कोठेही धरा, त्रिज्या तीच. आणि दांडा टोकाला गेल्यावर जशी अडचण होते, तशी होत नाही.

बोटभर चूक

स्टिअरिंग लहान केल्याचा आणखी एक परिणाम वेगाने जाताना दिसतो. स्टिअरिंग १८ अंश फिरविले की पुढची चाके १ अंश वळतात, असे समजू. चालकाचा हात नकळत १ सें.मी. सरकला, तर मोठे कडे सुमारे २.७ अंश फिरते आणि लहान कडे सुमारे ३.२ अंश. मोटारीच्या पुढच्या-मागच्या आसांमध्ये २.४ मीटर अंतर असेल आणि वेग ताशी ८० कि.मी. असेल, तर एका सेकंदात ती आपल्या सरळ रेषेपासून पहिल्या बाबतीत सुमारे २७ सें.मी. आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे ३२ सें.मी. बाजूला जाते. वरच्या इयत्तांतल्या विद्यार्थ्यांनी हे आकडे वर्तुळाकार गतीच्या सूत्राने पडताळून पाहावेत. टायर किंचित घसरतो, ते येथे सोडून दिले आहे.

पाच सें.मी.चा फरक भयंकर आहे असे मी म्हणणार नाही. सराव झाला की हात शिकतो. मात्र उलट दिशेचा विचार करा. नगर-कल्याण रस्त्याने माळशेज घाटाकडे जाताना पुढचे चाक खड्ड्यात आपटले, तर धक्का टायरकडून स्टिअरिंगकडे येतो. शाफ्टवर १० न्यूटन-मीटरचा झटका आला, तर मोठ्या कड्यावर हातांना ४८ न्यूटनचा हिसका बसेल, लहान कड्यावर ५६ चा. शिवाय कडे स्वतःही अशा झटक्याला विरोध करीत असते. जड आणि मोठे कडे एकदम फिरत नाही. त्याचे वस्तुमान अक्षापासून लांब असते आणि हा विरोध त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. यालाच जडत्व-परिबल म्हणतात. दीड किलोचे कडे २१ सें.मी. त्रिज्येवर असेल तर ते सुमारे ०.०६६ किलोग्रॅम-मीटरवर्ग येते आणि १.२ किलोचे कडे १८ सें.मी.वर असेल तर ०.०३९, म्हणजे निम्म्याच्या थोडे वर. जुन्या मोटारीत नवे स्टिअरिंग बसविल्यावर ‘गाडी हातात थरथरते’ अशी तक्रार ऐकू आली, तर चाकांचा तोल तपासावाच. पण थरथर पूर्वीपासूनच असेल आणि जुने जड कडे ती गिळून टाकीत असेल, हेही लक्षात घ्यावे.

माझे मत असे, की पॉवर स्टिअरिंग नसलेल्या मोटारीला मूळच्यापेक्षा लहान स्टिअरिंग लावू नये. जाड आणि मऊ कडे मात्र जरूर घ्यावे. बारीक कडे धरून ठेवायला बोटे घट्ट आवळावी लागतात आणि लांबच्या प्रवासात त्यांचाच शीण अधिक येतो.

नट काय करतो?

वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात: नट स्टिअरिंगला शाफ्टबरोबर फिरवितो. हे उत्तर चूक आहे. फिरविण्याचे काम दात्यांचे आहे. शाफ्टच्या टोकाला उभ्या रेषांसारखे बारीक दाते कापलेले असतात आणि स्टिअरिंगच्या मध्यभागी त्यांना जुळणाऱ्या खाचा असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘स्प्लाइन’ म्हणतात. पुष्कळ शाफ्ट टोकाकडे किंचित निमुळतेही असतात. नटाचे काम एवढेच, की स्टिअरिंग या दात्यांवर दाबून धरायचे, वर सरकू द्यायचे नाही.

दात्यांवर केवढा भार येतो? शाफ्टची त्रिज्या ८ मि.मी. धरली, तर २० न्यूटन-मीटर परिबलासाठी दात्यांच्या वर्तुळावर २० ÷ ०.००८ म्हणजे २,५०० न्यूटन बल येते. दाते ३६ असतील आणि सगळे नीट बसले असतील, तर एकेकाच्या वाट्याला ७० न्यूटनसुद्धा येत नाहीत. समोर अचानक बैलगाडी आली आणि चालकाने दोन्ही हातांनी तिप्पट जोराने हिसडा दिला, तरी प्रत्येकी सुमारे २०८ न्यूटन. पोलादाला हे काहीच नाही.

आता समजा, नव्या स्टिअरिंगच्या खाचा ‘जवळजवळ’ जुळतात. दात्यांची संख्या एकाने निराळी आहे, किंवा निमुळतेपणाचा कोन किंचित वेगळा आहे. हातोडीचे दोन ठोके देऊन आणि नट आवळून ते बसविले जाते. बाहेरून सारे ठाकठीक दिसते, पण प्रत्यक्षात चारच दाते भार घेत आहेत. मग त्या हिसड्याच्या वेळी एकेका दात्यावर १,८७५ न्यूटन येतात, नऊपट. स्टिअरिंगच्या मध्यभागी बहुधा मऊ धातू असतो. तो प्रत्येक वळणाला थोडा थोडा चेपत जातो, आणि एके दिवशी चालक स्टिअरिंग फिरवितो पण पुढची चाके सरळच जातात. अशा बिघाडाची आधी फारशी चाहूल लागत नाही. नट घट्ट असल्यामुळे स्टिअरिंग हलवून पाहणाऱ्याला ते पक्केच वाटत राहते.

म्हणून पहिली कसोटी हाताची नसून मोजणीची आहे. दाते मोजायचे, शाफ्टचा व्यास मोजायचा, आणि सर्वांत उत्तम म्हणजे कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत दोन्ही स्टिअरिंगांचे क्रमांक पाहायचे. एकाच नमुन्याची मोटार पुढे दहा वर्षे निघत राहिली आणि तिचा शाफ्ट बदलला नाही, तर नंतरच्या सालचे किंवा महागड्या आवृत्तीचे स्टिअरिंग आधीच्या मोटारीला बेधडक बसू शकते. ‘कंपनी तीच आहे’ एवढ्यावर मात्र काही ठरत नाही. योग्य स्टिअरिंग हाताने अलगद दात्यांवर उतरते. त्याला ठोकावे लागत नाही. त्यानंतर नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कइतकाच आवळायचा. लहान मोटारींत तो साधारण ३० ते ५० न्यूटन-मीटर असतो, आणि त्यासाठी टॉर्क दाखविणारा पाना मिळतो.

दाते ३६ असतील तर एका दात्याची चूक म्हणजे ३६० ÷ ३६, बरोबर १० अंशांची चूक. पुढची चाके सरळ असताना स्टिअरिंगचे आरे तिरके दिसतात ते यामुळे. जुने स्टिअरिंग काढण्यापूर्वी चाके सरळ करून शाफ्टवर आणि स्टिअरिंगवर समोरासमोर खूण केली, की हा प्रश्न उरत नाही. हॉर्नची पत्ती आणि वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद करणारा उंचवटा हे दोन्ही स्टिअरिंगच्या पाठीमागेच असतात. ते जुळले नाहीत तर काय होईल ते वाचकांच्या ध्यानात येईलच.

छातीसमोरचे चाक

आतापर्यंत स्टिअरिंग फिरविण्याचा विचार झाला. आता ते न फिरविण्याच्या वेळेचा. मोटार समोरून आदळली, की चालकाची छाती स्टिअरिंगवर जाते. पूर्वीच्या मोटारींत स्टिअरिंगचा शाफ्ट म्हणजे एक सरळ, न वाकणारी सळई असे. तिचे एक टोक इंजिनाजवळ आणि दुसरे चालकाच्या बरगड्यांसमोर. भाल्याचीच ही रचना. १९६०-७० च्या दशकात मोटार बनविणाऱ्यांनी यावर विचार केला आणि धक्क्याने दुमडणारा किंवा एकात एक सरकणारा शाफ्ट निघाला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना तसा नियमच लागू झाला.

याची परीक्षा कशी घेतात ते पाहण्यासारखे आहे. माणसाच्या धडाच्या आकाराचा सुमारे ३५ किलोचा ठोकळा ताशी सुमारे २४ कि.मी. वेगाने स्टिअरिंगवर आदळवितात. त्या वेळी ठोकळ्यावर येणारे बल सुमारे ११,१०० न्यूटनच्या पुढे जाता कामा नये, असे संयुक्त राष्ट्रांचे मानक सांगते. भारतीय मानकांतही अशी चाचणी आहे. हा आकडा आपल्याला पुष्कळ काही सांगतो. ताशी २४ कि.मी. म्हणजे सेकंदाला ६.७ मीटर. ठोकळ्याची गतिज ऊर्जा अर्धा × ३५ × ६.७ × ६.७, म्हणजे सुमारे ७८५ ज्यूल. ही ऊर्जा ११,१०० न्यूटनच्या आत राहून जिरवायची, तर ७८५ ÷ ११,१०० म्हणजे निदान ७ सें.मी. अंतर हवे. याचा अर्थ कडे, आरे आणि शाफ्ट यांनी मिळून निदान ७ सें.मी. वाकायला, चेपायला किंवा सरकायला पाहिजे. ते २ सें.मी.च सरकले, तर बल सुमारे ३९,००० न्यूटन होईल. छातीवर चार टनांचे ओझे.

मजबूत स्टिअरिंग ते चांगले, ही समजूत येथे उलटी ठरते. चांगले स्टिअरिंग योग्य वेळी, योग्य तेवढेच मोडते. आणि हे मोडणे कडे व शाफ्ट यांच्यात वाटलेले असते. मऊ शाफ्टसाठी बनविलेले ताठ कडे जुन्या ताठ शाफ्टवर बसविले, तर देण्याजोगे दोहोंपैकी काहीच उरत नाही. भारतात मोटारीच्या नव्या नमुन्याला विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ज्या संस्थांची नावे दिली आहेत, त्यांत पुण्याच्या ए.आर.ए.आय. बरोबर नगरची व्ही.आर.डी.ई. ही संरक्षण संशोधन खात्याची संस्थाही आहे. अशा ठिकाणी तपासले जाते ते मूळ स्टिअरिंग मूळ शाफ्टवर. भंगारातून आणलेल्या जोडीची परीक्षा कोणीच घेतलेली नसते.

सरकणाऱ्या शाफ्टमुळे मिस्त्रींची एक जुनी सवयही धोक्याची झाली आहे. गंजून अडकलेले स्टिअरिंग काढताना शाफ्टच्या डोक्यावर हातोडी मारण्याची पद्धत ताठ शाफ्टच्या काळात खपून जाई. नव्या शाफ्टमध्ये सरकणारे भाग काही वेळा प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांनी जागेवर धरलेले असतात. धक्क्याने तुटण्यासाठीच ते ठेवलेले आहेत. हातोडीचा ठोका हाही त्यांच्या दृष्टीने अपघातच! खिळे तुटले, की शाफ्टमध्ये खुळखुळ येते. म्हणून पुलर वापरावा. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवावा, म्हणजे स्टिअरिंग एकदम सुटून तोंडावर येत नाही.

एअरबॅगविषयी मात्र तडजोड नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. त्यामुळे जुन्या बाजारात येणारी नवी स्टिअरिंगे यापुढे बहुतेक एअरबॅगचीच असणार. तिच्या पोटात ज्वालाग्राही गोळ्यांची डबी असते. आदळल्याची सूचना मिळताच ती पेटते आणि सुमारे ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्यापूर्वीच, पिशवी वायूने फुगते. ही सूचना देणारे संवेदक आणि नियंत्रक मोटारीच्या अंगात दुसरीकडे असतात. स्टिअरिंगपर्यंत ती घड्याळाच्या कमानीसारख्या गुंडाळलेल्या चपट्या तारेतून येते. जुन्या मोटारीत यांतले काहीही नाही. तेथे एअरबॅगचे स्टिअरिंग बसविणे म्हणजे कधीही न उघडणारी, पण स्फोटक भरलेली पेटी छातीसमोर ठेवणे. ‘तारा जोडून पाहू’ असे म्हणून तिला बॅटरी किंवा मल्टीमीटर लावणे तर वेडेपणाच. तेवढ्या विजेनेही ती पेटू शकते. शिवाय डबीतली रसायने म्हातारी होतात. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधले अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडते व स्फोट प्रमाणाबाहेर होऊन धातूचे तुकडे उडतात, असे आढळल्यावर जगभर कोट्यवधी मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. भंगारातल्या एअरबॅगने किती उन्हाळे पाहिले आहेत, हे कोणाला ठाऊक? मूळची एअरबॅग काढून तेथे शोभेचे लहान स्टिअरिंग लावणे हेही तितकेच वाईट.

आपल्या मोटारीचे स्टिअरिंग तपासा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो, की स्टिअरिंगला ३० अंशांपेक्षा अधिक मोकळी चाल असता कामा नये. मोकळी चाल म्हणजे पुढची चाके न हलता स्टिअरिंग जेवढे फिरते तेवढे. ही मोजायला कोनमापक लागत नाही. वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन, सपाट जागी, हँडब्रेक ओढलेल्या मोटारीत हा प्रयोग करा. कड्यावर खडूची खूण करा आणि तिच्यासमोर डॅशबोर्डवर दुसरी. स्टिअरिंग एका बोटाने अगदी हळू डावीकडे न्या. बाहेर उभ्या असलेल्या मित्राने पुढचे चाक हलू लागताच हाक द्यायची. तसेच उजवीकडे. दोन हाकांमध्ये कड्यावरची खूण किती सें.मी. सरकली ते दोऱ्याने मोजा. या अंतराला त्रिज्येने भागून ५७.३ ने गुणले की अंश मिळतात. ४२ सें.मी.च्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे ११ सें.मी., ३६ सें.मी.च्या स्टिअरिंगवर सुमारे ९.४ सें.मी. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू लागते. त्या वेळी चालकाच्या जागी मोठ्या माणसानेच बसावे आणि मित्राने चाकापासून दूर, बाजूला उभे राहावे.

चाल जास्त निघाली, तर इंजिन बंद करून चालकाच्या पायांजवळ दिव्याच्या उजेडात शाफ्टवर नजर ठेवा आणि कोणाला तरी स्टिअरिंग हलवायला सांगा. स्टिअरिंग हलते आणि शाफ्टही त्याबरोबर हलतो, पण चाक हलत नाही, असे असेल तर झीज पुढच्या सांध्यांत किंवा गिअरमध्ये आहे; गॅरेजमध्ये जायला हवे, पण मोटार सावकाश नेता येईल. स्टिअरिंग हलते आणि शाफ्ट जागेवरच राहतो, असे दिसले, तर दोष दात्यांत आहे. ती मोटार तेथून चालवीत नेऊ नये. मिस्त्रीला घरी बोलवावे.